वॉशिंग सेंटरच्या पंपाची कुळकथा

वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टर, जीप आणि दुचाकी धुणारा पंप मोटारींसाठी जन्मलेला नाही. त्याचे माहेर फळबाग आहे. जालना जिल्ह्यात ही सोयरीक उघड्यावरच दिसते. अंबड, बदनापूर, घनसावंगीच्या मोसंबी बागांत आणि कडवंचीच्या द्राक्षमळ्यांत फवारणी करणारा एचटीपी पंप आणि अंबड चौफुली किंवा मंठा चौफुलीकडून जालना शहराबाहेर पडताना ‘वॉटर सर्व्हिसिंग’च्या पत्र्याच्या शेडमध्ये घरघरणारा पंप एकाच बांधणीचे असतात. दुकानात खोक्यात बंद मिळणारे घरगुती प्रेशर वॉशर मात्र दुसऱ्या कुळातले. दोन्ही पाण्याची धार मारतात, पण त्यांची उत्पत्ती वेगळी, पाण्याची भूक वेगळी आणि खर्चाचा हिशेबही वेगळा. धंद्यात नव्याने उतरणाऱ्याची फसगत बहुधा हा भेद न कळल्याने होते.

दोन्ही कुळांचा मूळपुरुष एकच, तो म्हणजे दट्ट्याचा पंप. होळीची पिचकारी करते तेच तो करतो: पाणी आत ओढायचे, मागची वाट झडपेने बंद करायची आणि दट्ट्या पुढे रेटून पाणी लहान छिद्रातून बाहेर काढायचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टेसिबियसने दोन नळकांड्यांचा असा पंप केल्याचे रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने नोंदवले आहे. त्यानंतर दोन हजार वर्षे या पंपाची अडचण एकच होती. दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेने मागे गळे. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्याही पुढे हाच पेच होता. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेने कातड्याची वाटीसारखी चकती बसवून तो सोडवला. आतून दाब वाढेल तशी ही वाटी फुगते आणि कडेला अधिकच घट्ट बसते. खेड्यात सायकलच्या पंपात किंवा स्टोव्हच्या पंपात तेल पाजून पुन्हा बसवतात तो कातडी वायसर याच वाटीच्या जातीचा. प्रेशर वॉशिंगचा सगळा इतिहास एका अर्थाने या वायसराचा इतिहास आहे.

विहिरीवरचा सेंट्रिफ्यूगल पंप या घराण्यात बसत नाही. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये असे पंप बनू लागले आणि पुढे मराठी शेतकऱ्याला ‘पंप’ म्हटले की तोच आठवू लागला. फिरणाऱ्या चक्राने पाणी भिरकावण्याची त्याची रीत असल्याने तो पाणी पुष्कळ देतो, पण दाब थोडाच देतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, या हिशेबाने तीस मीटर पाणी चढवणारा पंप जेमतेम तीन किलोचा झाला. एवढ्या धारेने गाडी भिजते. मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल मात्र जागचा हलत नाही.

दाब लागला तो किडीमुळे. कॅलिफोर्नियातल्या फळबागांत सॅन होजे खवलेकीड पसरली होती. झाडाच्या उंच फांद्यांवर औषध पोचवण्यासाठी जॉन बीन नावाच्या वयोवृद्ध कारागिराने १८८४ च्या सुमारास सतत, न तुटता धार देणारा फवारणी पंप तयार केला. त्यातून उभी राहिलेली कंपनी पुढे एफएमसी या मोठ्या उद्योगसमूहात वाढली. बीनच्या नावाचे उच्चदाब पंप नंतर आगीच्या बंबांवरही चढले. जवळपास त्याच वेळी फ्रान्समध्ये द्राक्षांवर केवडा आला. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण जाहीर केले आणि ते फवारायला व्हर्मोरेल यांच्या कारखान्याचे पाठीवरचे पंप मळ्यामळ्यात गेले. एकीकडे कीड आणि दुसरीकडे बुरशी, यांनी थोड्याच वर्षांत फवारणी यंत्रांचा एक नवा धंदाच उभा केला.

भारतात फवारणी पंपांचे नाव मुंबईच्या ‘अ‍ॅस्पी’शी जोडले गेले, ही कंपनी १९४६ ची. पाठीवरचा पंप आणि एकाने पायाने मारायचा व दुसऱ्याने नळी धरायची तो पायपंप, यांवर बागायतदारांच्या कित्येक हंगामांचे काम निभावले. पण मोसंबीचे वाढलेले झाड आतून-बाहेरून भिजवायला कित्येक लिटर औषध लागते, आणि द्राक्षाला तर पावसाळी हवेत दिवसाआड फवारणीची पाळी येते. पायपंपाच्या दांड्यावर माणूस किती वेळ उभा राहणार? बागा वाढल्या तसा मोटरीवर किंवा इंजिनावर चालणारा तीन दट्ट्यांचा आडवा पंप आला. तोच एचटीपी. बऱ्याच बागायतदारांच्या तोंडी त्याचे ‘एसटीपी’ झाले आहे, आणि दुकानदाराला तेही बिनचूक कळते.

हा पंप उघडून पाहिला तर दट्टे तीनच का, हे लगेच ध्यानात येते. एक दट्ट्या असता तर तो मागे जाताना धार तुटली असती. दोन दट्टे समोरासमोर चालवले तरी दोघे टोकाला पोचतात त्या क्षणी धार पडते. क्रँकवर तीन दट्टे १२० अंशांच्या अंतराने बसवले की कोणता ना कोणता दट्ट्या सतत पाणी रेटत असतो. उरलेला हेलकावा वरच्या गोल हवाकोठीत जिरतो. पंपाच्या माथ्यावर ग्रीसच्या तीन वाट्या असतात. पॅकिंग, म्हणजे दट्ट्याभोवतीचे वायसर, कोरडे पडू नये म्हणून काम चालू असताना त्या मधूनमधून फिरवाव्या लागतात. बाजूला दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, आणि गन बंद केली की पाणी परत टाकीत सोडणारी बायपासची नळी. पंपाला मिनिटाला आठशे ते हजार फेरे मानवतात, मोटर मात्र १४४० ने फिरते. म्हणून मोटरीला तीन इंची पुली लावली तर पंपाला पाच इंची लावतात. फेरे ८६४ वर येतात. पुल्या बरोबरीच्या बसवणारा नवखा माणूस महिन्याभरात पॅकिंग आणायला दुकानात दिसतो.

जालन्यात या पंपाला जागा मिळाली ती मोसंबीमुळे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. कडवंचीची वाट थोडी निराळी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राशी जोडलेल्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम केले. त्या पाण्यावर द्राक्षे आली, शेततळी आली आणि त्यांच्या मागोमाग फवारणीची यंत्रे. बांधावर शेततळ्याचे पाणी, शेडमध्ये एचटीपी पंप, शंभर-दोनशे फुटांची नळी आणि टोकाला गन. धुण्याच्या धंद्याचे सगळे सामान फवारणीच्या नावाखाली घरात येऊन पडले होते. वेलींवर पिठ्या ढेकूण दिसला की खोडे आणि ओलांडे नुसत्या पाण्याच्या धारेने धुतात, तेव्हा धुण्याचा सरावही बागेतच झाला म्हणायचा. फवारणी आटोपल्यावर टाकीत स्वच्छ पाणी ओतून तीच गन ट्रॅक्टरकडे वळवायला वेगळी अक्कल लागत नाही. पंप विकणारेही एकच यंत्र बागायतदाराला ‘पॉवर स्प्रेअर’ आणि गॅरेजवाल्याला ‘कार वॉशर’ म्हणून देतात.

धुण्याची चाल अर्थात पंपाहून फार जुनी. पोळ्याआधी बैलांना नदीवर नेऊन घासायचे आणि त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, ही खांदेमळणी. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे धुऊन पुजायची. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला तशी ही खंडेनवमी वॉशिंग सेंटरवर येऊन ठेपली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सेंटरवर लागणारी रांग वर्षात पुन्हा क्वचित दिसते.

दुसऱ्या कुळाची कथा अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातून सुरू होते. फ्रँक ओफेल्ट याने १९२६-२७ च्या सुमारास वाफेच्या दाबाने धुणारे यंत्र काढले. बॉयलरवर काम करताना वाफेचा झोत जमिनीवरच्या ग्रीसवर पडला आणि तेवढी जागा लख्ख झाली, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. ‘हाय-प्रेशर जेनी’ या नावाने ते गॅरेजांत आणि कारखान्यांत विकले गेले. किर्लोस्करवाडीचा पंप आणि ओफेल्टची जेनी एकाच सुमाराची. एकाला शेत भिजवायचे होते, दुसरीला तेलकट फरशी धुवायची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैन्याची वाफेची धुलाई यंत्रे दुरुस्तीसाठी आल्फ्रेड कार्शर यांच्या कारखान्यात येत. त्यातल्या उणिवा पाहून त्यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र बांधले. घरी हाताने ओढून नेता येईल असे छोटे यंत्र त्यांच्या कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणले. पुढची घरगुती यंत्रे या वळणाची.

दोन कुळांतला फरक एका गुणाकारात मांडता येतो. बारमधला दाब (एक बार म्हणजे साधारण एक किलो) आणि मिनिटाला लागणारे लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की पाण्यात उतरलेली शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. तीस बारवर मिनिटाला तीस लिटर देणाऱ्या एचटीपीची शक्ती दीड किलोवॅट, म्हणजे दोन अश्वशक्ती. १२० बारवर साडेसहा लिटर देणाऱ्या घरगुती यंत्राची १.३ किलोवॅट. शक्ती जवळपास सारखीच. एकाने ती पाण्याच्या लोंढ्यात घातली, दुसऱ्याने वेगात. तीस बारची धार नोझलमधून तासाला सुमारे पावणेतीनशे किलोमीटर वेगाने निघते, १२० बारची साडेपाचशेच्या पुढे. जाहिरातीत ठळक छापतात तो फक्त दाब. लिटरचा आकडा बारीक अक्षरात असतो आणि धंदा करणाऱ्याने आधी तोच वाचावा.

कारण काय धुवायचे त्यावर सगळे अवलंबून आहे. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठच्या किंवा परतूर-मंठ्याच्या काळ्या रानातून निघालेला ट्रॅक्टर म्हणजे चाकांना, रोटाव्हेटरच्या पात्यांना आणि मडगार्डच्या आत चिकटलेली मणभर माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की विटेसारखी होते. तिच्यावर नुसता वेग मारला तर धार रेघ ओढते, ढेकूळ तसेच राहते. आधी भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग भरपूर पाण्याने ढकलून काढायचे, हाच तिचा उपाय, आणि तिथे एचटीपीचा लोंढा कामी येतो. भिंतीवरचे शेवाळ, फरशीवरचे डाग किंवा कारचा रंग यांच्यासाठी कमी पाण्याचे, पंख्यासारखी पसरट धार देणारे यंत्र बरे. इंजिनावरच्या ग्रीसला मात्र या दोन्हींपेक्षा ऊब लागते. ओफेल्टची वाफ त्यासाठीच होती. गावाकडे तिचे काम डिझेलचा फवारा आणि ब्रश करतात.

यंत्राची निवड या जिल्ह्यात शेवटी पाण्याशी येऊन थांबते. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या आणि जालना शहराला टँकरची सवय लागली. मिनिटाला तीस लिटर पिणारा पंप अशा साली चालवणे परवडण्याच्या आधी पटण्याचाच प्रश्न होतो. म्हणून सेंटरच्या फरशीला उतार देऊन धुवण एका हौदात घ्यायचे, तिथे गाळ बसू द्यायचा, तेलाचा तवंग अडवायला मधे आडभिंत घालायची आणि वरचे निवळ पाणी पहिल्या भिजवणीला वापरायचे, ही व्यवस्था पंपाइतकीच गरजेची. शेवटचा हात मात्र स्वच्छ पाण्याचा. बोअरचे पाणी जड असेल तर काचांवर पांढरे ठिपके राहतात. ते कापडाने लगेच पुसावे लागतात.

धुलाईचा दर ठरवताना शेजारच्या सेंटरचा फलक पाहण्याची चाल आहे. त्याआधी स्वतःचा हिशेब मांडलेला बरा. समजा, पाच हजार लिटरचा टँकर ८०० रुपयांना पडतो. लिटरला १६ पैसे. ट्रॅक्टरला गन पंधरा मिनिटे चालली तर ४५० लिटर, म्हणजे ७२ रुपयांचे पाणी. पंपाची मोटर तासाला साधारण दोन युनिट घेते; पंधरा मिनिटांचे अर्धे युनिट, १२ रुपये दर धरला तर ६ रुपये. कामगाराची हजेरी आठ तासांना ४८० धरली तर अर्ध्या तासाचे ३० रुपये. ट्रॅक्टरचा खर्च १०८ रुपयांवर गेला. दुचाकीला गन तीन मिनिटे, ९० लिटर, १४ रुपयांचे पाणी, वीज एक रुपयाच्या आसपास, पाव तासाची मजुरी १५, शॅम्पू ५, एकूण ३५. आता हेच पाणी स्वतःच्या विहिरीचे धरा. ट्रॅक्टर ३६ रुपयांवर उतरतो, दुचाकी २१ वर. टँकर आला की ट्रॅक्टरचा खर्च तिप्पट होतो, दुचाकीचा तेवढा वाढत नाही. वर्षभर एकच दरफलक ठेवणारा उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागे पदरचे घालतो. नशीब एवढेच की चिखल आणि पाणी बहुधा एकाच ऋतूत येतात.

यंत्राची किंमत या हिशेबात भासते त्याहून लहान असते. पंप, मोटर, नळी, टाकी, रॅम्प आणि फरशी मिळून ६०,००० रुपये धरले आणि ते वर्षाला तीनशे दिवस या बेताने तीन वर्षांवर पसरले, तर रोजचे ६७ रुपये होतात. दोन टँकर कमी लागले तर याच्या कितीतरी पट वाचते. तरी नवा माणूस पंपाच्या किमतीत हजार रुपये कमी करण्यासाठी दुकानात तासभर घासाघीस करतो आणि हौद ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतो. दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारी घरगुती यंत्रे धंद्याला लावणे हीही अशीच काटकसर. त्यांच्या छोट्या मोटरी दिवसभर चालवण्यासाठी केलेल्या नसतात.

विजेचे गणित जुळवताना एक मोह टाळावा लागतो. शेतीपंपाच्या जोडणीवर सेंटर चालवता येत नाही. शेतीच्या दराची वीज धंद्याला वापरणे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते. शिवाय शेतीचा पुरवठा पाळीपाळीने येतो, आणि गिऱ्हाईक पाळी पाहून येत नाही. ओल्या फरशीवर मोटर चालते तिथे अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी हवाच.

धारेचे स्वतःचे धोकेही आहेत. रेडिएटरच्या बारीक पाकळ्या जवळून मारलेल्या धारेने वाकतात आणि ट्रॅक्टर तापू लागतो. बेअरिंगच्या सीलवर नेम धरला तर आतले ग्रीस धुऊन जाते, म्हणून जुन्या सर्व्हिसिंगमध्ये धुलाईनंतर ग्रीसगन फिरवणे हा कामाचाच भाग होता. नव्या गाड्यांतले सेन्सर आणि वायरिंगचे जोड लांबूनच भिजवायचे असतात. माणसाच्या अंगावर मजेने धार मारण्याचा प्रकार सर्वांत वाईट. उच्च दाबाचे पाणी कातडीतून आत शिरते, वर टाचणीएवढी जखम दिसते आणि आत मांस खराब होत जाते. अशा वेळी मलमपट्टी करून थांबायचे नसते. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे असते.

बागेतून आलेल्या पंपाला आणखी एक जोखीम चिकटलेली असते. फवारणीचाच पंप धुण्याला वापरायचा तर टाकी, नळी आणि गन तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी लागते. तणनाशक नळीत राहिले तर पुढच्या फवारणीत मोसंबीची पाने करपतात. कीटकनाशकाचा अंश राहिला आणि त्याच धारेने जनावरे धुतली, तर विष त्यांच्या कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जाते. ज्या घरी बाग, ट्रॅक्टर आणि गोठा तिन्ही आहेत, तिथे गोठ्यासाठी नळी आणि टाकी वेगळी ठेवतात.

पंपाची देखभाल शेवटी पुन्हा वायसरावर येते. क्रँककेसमधले तेल दुधाळ दिसू लागले तर पाणी पॅकिंग ओलांडून आत गेले असे समजावे. गनमध्ये धार धडधडू लागली तर तीनपैकी एका दट्ट्याची झडप अडकली आहे, किंवा सक्शनची नळी हवा ओढते आहे. दाब चढेना तर नोझलचे छिद्र झिजून मोठे झाले आहे का ते आधी पाहावे. तो सगळ्यात स्वस्त सुटा भाग. सक्शनच्या टोकाला जाळी नसेल तर हौदातली काळ्या मातीची बारीक रेव दट्ट्यावर चरे पाडते, आणि चरे पडलेल्या दट्ट्यावर कोणतेही पॅकिंग टिकत नाही.